मुकादम पास करत न्हाई!

आमच्या ऑफिसातली केराची टोपली रोज रिकामी होते, किश्श्यांची मात्र कुणीच करत नाही. चहाच्या वेळी एकानं एक सांगितला की दुसऱ्याला त्यावरून दुसरा आठवतो, तिसरा म्हणतो, "ह्ये तर काहीच न्हाई," आणि चहा निवून जातो. परवा पुण्याचे जुने मित्र आले होते. त्यांनी विचारलं, "तू गावात बसून नेमकं करतोस काय रे?" एका वाक्यात सांगता येईना, म्हणून एक किस्सा सांगितला. मग दुसरा. शेवटी त्यांची पुण्याची गाडी चुकली.

आधी थोडी ओळख करून देतो. उंब्रजला हायवेच्या कडेला बी-बियाणांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर आमची कंपनी. शेतातल्या मोटारीला बसवायची एक पेटी आम्ही बनवतो. मोबाईलवरून मोटार चालू, मोबाईलवरून बंद. मालक उदयदादा. कोड लिहिणारी सारिका. ती कुंडलची, आठवडाभर कराडला राहते. गावोगाव पेट्या बसवणारा बिरू आटपाडीकडचा. त्याच्या घरची मेंढरं अजून वर्षातले सहा महिने फिरतात, आणि बिरू मोटारसायकलवर बारा महिने. सर्व्हिस सांभाळतात मेजर. ते फौजेत हवालदार होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो! आणि मी पेटीचं मॅन्युअल लिहितो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात.

मॅन्युअल आम्ही मार्कडाउनमध्ये लिहितो. घाबरू नका, साधाच मजकूर असतो. मथळ्याच्या आधी एक हॅश टाकायचा, आणि मध्ये कोडचा तुकडा आला की त्याच्या वर-खाली तीन-तीन बॅकटिक, म्हणजे बारीक तिरक्या रेघा. टेक्निशियन मोबाईलवर मॅन्युअल उघडतो, तो तुकडा कॉपी करतो, पेटीला पाठवतो, आणि पेटी ऐकते. निदान ऐकावं अशी अपेक्षा असते.

०

कोरेगावजवळच्या एका मळ्यात पेटीनं ऐकलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय चालू होत नाही. मळ्याच्या मालकांनी सगळी भावकी बोलावली होती. पेढे आणले होते, पेटीला हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. सगळे पाइपाच्या तोंडाकडे बघत उभे. बिरूनं मॅन्युअलमधला तुकडा कॉपी करून पाठवला. पेटी गप्प!

बिरूचा मला फोन. "मास्तर, पेटी बोलंना."

"मॅन्युअलप्रमाणे केलंस ना?"

"जसंच्या तसं! एक टिंब हिकडचं तिकडं न्हाई."

तीच तर अडचण होती. मी ते पान आधी दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, आणि त्यानं कोडमधली साधी सरळ अवतरणचिन्हं शोभेसाठी वाकडी केली होती. माणसाला ती वाकडी चांगली दिसतात, पेटीला समजत नाहीत. मला हे सापडायला दीड तास लागला.

तोवर तिकडे काय चाललं होतं? मालक बिरूच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगा. नारळ नासका निघाला म्हणून तर आडली न्हाई ना? दुसरा मागवतो." दुसरा फोडला. मग चुलत्यानं स्वतःच्या हातचा तिसरा फोडला. मग कुणीतरी म्हणालं, दिशा चुकली असंल, म्हणून चौथा पूर्वेला तोंड करून!

दीड तासानं मी फोन केला, "सापडलं रे, चूक माझी होती."

बिरू म्हणाला, "लय बरं झालं मास्तर. पाचवा सोलायला घेतलाय. आता पेटी न्हाई चालली तर हितं चटणीचा कारखाना काढावा लागंल!"

०

सगळे हसले, पण दादा हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं.

"मास्तर, कृष्णाकाठची एक पाणीपुरवठा संस्था आपल्या पेट्या बघणार आहे. सगळ्या मोटारींना. पण त्यांची एक अट आहे. त्यांचे पाणी सोडणारे पाटकरी स्वतः मॅन्युअल वाचून पेटी चालू करणार. आपण तिथं बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. झाली चालू, तर ऑर्डर आपली. नाही झाली, तर मग मॅन्युअलचं काम मी पुण्याच्या एजन्सीला देतो. तुम्हालापण तिकडंच बघावं लागेल."

मी तीन वर्षांपूर्वी पुणं सोडून आलो. मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, इथल्या शाळेत नोकरी मिळाली. आई सकाळी अंगणात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलते, पुण्यात ती चौथ्या मजल्यावर भिंतीशी बोलायची. मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादांना म्हटलं, "चुका माणसानं शोधायच्याच नाहीत. आपण लिंटर बसवू." लिंटर म्हणजे आपोआप तपासणी करणारा प्रोग्रॅम. कुणीही मॅन्युअलची फाईल जमा केली की तो ती ओळीनं वाचणार, मधला कोडसुद्धा तपासणार. एक जरी चूक सापडली तरी स्क्रीनवर लाल, आणि फाईल परत. सगळं बरोबर असलं तरच हिरवं, तरच ती मोबाईलवर जाणार.

बिरूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी ऊसतोडीचा मुकादम! सवता कोयता धरत न्हाई, पण मागं उभा राहून बोलतोय."

त्या दिवसापासून लिंटर हा शब्द ऑफिसात कुणी वापरला नाही.

०

मुकादम कामावर रुजू झाला त्या सकाळी मी सगळ्यांना स्क्रीनपाशी बोलावलं. बटण दाबलं. स्क्रीन लाल झाला आणि लालच राहिला. चुका वरून खाली वाहायला लागल्या, थांबेचनात. शेवटी आकडा आला, आठशे नव्वद!

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच.

"मास्तर, आपलं मॅन्युअल एकूण किती पानांचं आहे?"

"चाळीस."

"मग ही पानं वाचून लोक आत्तापर्यंत जिवंत कसे?"

सारिका म्हणाली, "दादा, ह्या तीन-चारच चुका आहेत, पुन्हा पुन्हा केल्यात. ओळीच्या शेवटी उगाच मोकळी जागा, मथळ्याखाली ओळ सोडली नाही, असं." तिनं एक कमांड दिली. किरकोळ चुका मुकादम स्वतःच दुरुस्त करतो, तेवढी सवलत असते. समोरच्या टपरीवरून चहा यायच्या आत आठशे नव्वदच्या साठ झाल्या.

मला वाटलं आता दादा पाठ थोपटतील. दादा म्हणाले, "चहा यायच्या आत जातात, तर मग इतकी वर्षं सांभाळल्या कशाला?"

०

मुकादमाशी सगळ्यात चांगलं जमलं ते मेजरांचं. बाकीचे आम्ही वाद घालायचो. मेजर म्हणायचे, "ऑर्डर आली की पाळायची. कोई शक?"

मुकादमाचा एक नियम होता, ओळ फार लांब नको. आम्ही कुरकुरलो. मेजरांनी त्यांची सगळी सर्व्हिसची प्रकरणं एका बैठकीत नव्यानं लिहून काढली: 'झाकण उघडा. लगेच हात घालू नका. आत बघा. साप नाही याची खात्री करा. मगच पुढे जा.'

सापाचं खरंच आहे. मोटारीच्या पेटीत ऊब असते, आणि उसाच्या रानात सापाला तेवढी जागा पुरते. मेजरांनी म्हणूनच प्रत्येक प्रकरणात 'साप' असा वेगळा मथळा दिला होता. नवी पेटी बसवणे, खाली साप. फ्यूज बदलणे, खाली साप. असे पाच साप. मुकादमानं फाईल परत पाठवली. तोच मथळा दोनदा चालणार नाही म्हणे!

मी म्हटलं, "मेजर, चार साप काढून टाका, एकच ठेवू सुरुवातीला."

मेजर खुर्चीवरून उठले. "मास्तर, फ्यूज बदलणारा माणूस पहिलं पान वाचून येतो का? साप काय पहिल्याच पानावर निघतो? प्रत्येक पेटीत साप, प्रत्येक प्रकरणात साप. ह्यात तडजोड न्हाई."

अर्ध्या तासानं त्यांनी फाईल परत जमा केली. हिरवी! मी धावत जाऊन मथळे बघितले. ओळीनं असे होते:

'साप'
'पुन्हा साप'
'आताही साप'
'इथे साप नसेल असे वाटते, पण असतो'
'साप: शेवटची ताकीद'

आजही मॅन्युअलमध्ये तसेच आहेत. टेक्निशियन बाकीचं काही वाचोत न वाचोत, हे पाच मथळे सगळ्यांना पाठ आहेत.

०

नुसतं वाचून भागणार नव्हतं. कोड दिसायला नीट असला तरी पेटी त्याला दाद देते का, हेही बघायचं होतं. म्हणून सारिकानं मुकादमाला एक खरी पेटी जोडून दिली. फाईल जमा झाली की त्यातला कोडचा प्रत्येक तुकडा त्या पेटीला जाणार. पेटीला मोटारीऐवजी एक बल्ब लावायचा ठरलं. बल्ब लागला म्हणजे तुकडा बरोबर.

ते जोडायचं काम बिरूकडे होतं. बिरूला बल्ब पटेना. "मोटारीची पेटी अन् बल्बावर तपासायची? खोट्या कामाला माझा हात लागत न्हाई." त्यानं कुणालाही न विचारता पेटी इमारतीच्या पाण्याच्या मोटारीला जोडली. गच्चीवर टाकी होती, तिला पाणी चढवणारी!

आठवडाभर कळलंच नाही. मग एक दिवस खालचे बियाणांचे दुकानदार, जगूशेठ, जिना चढून वर आले. निम्मे भिजलेले.

"आवं, तुमी आज काय लिव्हलं काय?"

आम्हाला प्रश्नच समजेना. जगूशेठ म्हणाले, "मी चार दिस बघतोय. वर तुमचं टकटक टकटक थांबलं की दोन मिण्टांत टाकी भरून वाहतीया. ह्या ताईनी लिव्हलं की थोडं येतं, लगेच बंद हुतं. ह्ये मेजर लिहायला बसलं की मात्र धबधबा!"

खरंच होतं. सारिकाच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या तुकड्यालाच चूक सापडायची, तपासणी तिथंच थांबायची. मेजरांचं सगळं बरोबर असायचं, त्यामुळे सगळे तुकडे शेवटपर्यंत चालायचे आणि मोटारही!

"तुमचं काही नुकसान झालं का?" दादांनी घाबरत विचारलं.

"मक्याचं एक पोतं भिजलं. दाराशी ठेवलं व्हतं."

दादांनी हात जोडले. जगूशेठ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिसऱ्या दिवशी समदं उगवलं. एक दाणा वाया न्हाई. आता त्ये पोतं मी मुद्दाम म्होरं ठेवलंय. गिऱ्हाईक बघतं अन् काय न इचारता बियाणं घेऊन जातं." जिन्यावरून उतरताना ते परत वळले. "मेजर, तुमचं सोयाबीनबद्दल काय लिहायचं ठरलंय का?"

०

दादांना मॅन्युअलच्या सुरुवातीला 'मालकांचे मनोगत' हवं होतं. त्यांनी ते स्वतः लिहिलं. त्यात आजोबांची मोट होती, वडिलांचं ऑइल इंजिन होतं, दादांचं बालपण होतं, आणि पहिला पूर्णविराम दुसऱ्या पानावर होता. जमा केलं, लाल!

"काय म्हणतोय?"

"ओळी लांब आहेत म्हणतोय."

दादांनी ओळी तोडल्या. लाल. मथळ्याच्या शेवटी पाच उद्गारचिन्हं होती, ती काढली. लाल. दादांचा आवाज चढला. "अरे, मी मालक आहे! मुकादम माझा, पेटी माझी, स्क्रीन माझा!"

मेजर जागेवरूनच म्हणाले, "साहेब, आमच्या गेटवर एकदा खुद्द कर्नलसाहेब पास विसरले होते. अर्धा तास उन्हात उभे राहिले. आत आल्यावर त्यांनीच पहाऱ्यावरच्या जवानाला शाबासकी दिली."

दादा परत लिहायला बसले. दर वेळी मुकादम काहीतरी खोड काढी आणि दादा चिडून एक परिच्छेद उडवून टाकत. आधी बालपण गेलं. मग ऑइल इंजिन. आजोबांची मोट बराच वेळ टिकली, पण शेवटी तीही गेली. सातव्या खेपेला दादांनी जे जमा केलं ते एकदम हिरवं झालं.

मालकांचे मनोगत आता असं आहे: 'पेटी घ्या. चालते.'

दादा दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच वाक्य कंपनीच्या टेम्पोवर रंगवून घेतलं.

०

एक माझ्यावरचाही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगतो.

दिवसभर लाल-हिरवं बघून माझी नजरच बिघडली होती. मनीषाच्या मामेभावाची लग्नपत्रिका फोनवर आली. मी जेवता जेवता म्हटलं, "ह्यात 'आशीर्वाद' हा मथळा तीनदा आलाय आणि प्रेषकाच्या खाली ओळ सोडलेली नाही." आणि तसं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं.

मनीषानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "पत्रिका परत पाठवू नका. लग्न उद्यावर आलंय."

लग्नात आहेराला मला टोपी आली, सगळ्यांना आली तशीच. पण माझ्या टोपीला लाल गोंडा लावलेला होता!

०

आता शेवटचा. हा मी सगळ्यांत कमी वेळा सांगितला आहे.

संस्थेची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मॅन्युअल जवळजवळ हिरवं होतं. सारिका म्हणाली, "मास्तर, एक नियम वाढवते. नमुन्याच्या कोडमध्ये कुणाचा खरा फोन नंबर राहायला नको. दहा आकडी नंबर दिसला की मुकादमानं अडवायचं." नियम टाकला, बटण दाबलं. एक ओळ लाल झाली.

ती ओळ अशी होती की मोटारीला काही झालं, लाईट गेली, पाणी तुटलं, तर निरोप कुणाच्या मोबाईलवर पाठवायचा. तिथं एक नंबर होता. सारिकानं तो बघितला आणि खुर्चीला टेकली.

"हा आमच्या अण्णांचा आहे."

अण्णा म्हणजे तिचे वडील, कुंडलला शेती करतात. दीड वर्षापूर्वी कंपनीत नवीन असताना टेस्टिंगला एक नंबर हवा होता, तेव्हा तिनं घरचा टाकला. तोच मी मॅन्युअलमध्ये उतरवला.

मी बिरूला फोन लावला. "बिरू, पेटी बसवताना निरोपाच्या ओळीत शेतकऱ्याचा नंबर घालतोस ना?"

"न्हाई. मॅन्युअलमदी हाय त्योच. तुमीच म्हणला व्हता, जसंच्या तसं."

"आत्तापर्यंत किती पेट्यांना?"

"बसिवल्या तेवढ्या समद्या."

दीड वर्षांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आमच्या सगळ्या पेट्यांचे निरोप कुंडलच्या एका माणसाला जात होते, आणि शेतकऱ्याला एकही नाही. आणि एकाचीही तक्रार नव्हती! सारिकानं अण्णांना फोन लावला, स्पीकरवर.

"अण्णा, तुमच्या फोनवर मोटारींचे मेसेज येतात?"

"येत्यात की. लय येत्यात."

"मग मला सांगितलं नाही ते?"

"काय सांगायचं बाई? तू कंपनीत लागलीस, कंपनीनं मला काम लावून दिलं. म्या करतोय. मेसेजात नाव, नंबर, गाव समदं असतंय. मोटार बंद पडली की लगीच फोन करतो. आज सकाळी तुमच्या उंब्रजच्याच एकाचं पाणी तुटलं. त्यो लग्नाला गेलाय, म्हणून त्येच्या भावाला धाडला रानात. कोरेगावच्या पवारांच्या सुनंला मुलगी झाली, त्येबी कळलं. का गं, काय चुकलं का माझं?"

सारिका म्हणाली, "नाही अण्णा," आणि फोन ठेवला.

चूक ती चूकच. नंबर काढला, तिथं 'येथे आपला नंबर लिहा' असं टाकलं. बसवलेल्या सगळ्या पेट्यांमध्ये ज्याचा त्याचा नंबर सारिकानं ऑफिसातूनच बदलून दिला. दुसऱ्या दिवशी चाळीस पानं पहिल्यांदाच आरपार हिरवी झाली. दादांनी सांगलीचं भडंग मागवलं. आम्ही भडंगाला हात घालणार तोच सारिकाचा फोन वाजला.

"सकाळपासनं एक बी मेसेज न्हाई," अण्णा म्हणत होते. "मला काढलं काय गं?"

सारिका फोन घेऊन जिन्यात गेली. भडंग तसंच राहिलं. मला फार वाईट वाटलं, पण माझ्या डोक्यात परीक्षा होती, आणि मी गप्प बसलो. ते आजही मला आवडत नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पाचही जण नदीकाठच्या पंपहाउसबाहेर बाकावर बसलो होतो. शाळेत निकालाच्या दिवशी बसावं तसे, हात मांडीवर. संस्थेचे चेअरमन, त्यांना सगळे आबा म्हणतात, खुर्ची टाकून समोर. दोन पाटकरी मोबाईलवर मॅन्युअल उघडून आत गेले. एक मोठ्यानं वाचत होता, दुसरा करत होता. निरोपाच्या ओळीत त्यांनी आबांचा नंबर घातला. तुकडा पाठवला. आणि मोटार सुरू झाली! मेजरांनी घड्याळ बघितलं, "चौदा मिनिटं." मी डोळे मिटून घेतले. आईचं अंगण वाचलं, असं वाटलं.

आबा म्हणाले, "झ्याक. आता त्यो फोन कवा येतो?"

"कुठला फोन?" दादांनी विचारलं.

"आवं, कोरेगावला माझं पाव्हणं हाईत. ते म्हणलं, ही पेटी बसिवली की कुंडलचा एक माणूस फोन करतो. मोटारीचं सांगतो, मग पिकापाण्याचं इचारतो. म्हणून तर तुमास्नी बोलावलं. गेल्या आठ दिसांपासनं म्हणं फोनच येत न्हाई, मेसेज येतोय नुसता." त्यांनी स्वतःचा मोबाईल दाखवला. मोटार सुरू झाल्याचा निरोप आला होता, आबांनी तो उघडलाही नव्हता. "मेसेज मला दिसाला शंभर येत्यात. कोण वाचतंय? माणूस नसंल तर आमाला ह्यो डबा नको."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी सारिकाकडे. ती आधीच लॅपटॉप उघडून बसली होती.

"मास्तर, अण्णांचा नंबर परत घालू?"

"घाल."

घातला, जमा केला. लाल! तिचाच नियम, आठ दिवसांपूर्वीचा.

"नियम काढून टाकू?"

"नको. नियम बरोबर आहे. ह्या एका ओळीपुरती सूट दे."

मुकादमाकडून एखाद्या ओळीला सूट घेता येते. पण मीच एक अट घालून ठेवली होती, की सूट हवी असेल तर शेजारी कारण लिहायचं, नाहीतर लालच. सारिकाची बोटं थांबली. "कारण काय लिहू?"

आबा घड्याळ बघायला लागले. मेजर उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "लिहा. कारण: अण्णा ड्यूटीवर आहेत."

हिरवं झालं.

पाटकऱ्यानं नवा तुकडा कॉपी केला, पेटीला पाठवला. मोटार चालूच होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. बिरू पुटपुटत होता, कुठल्या देवाला ते कळलं नाही. अण्णांना कुणीही काही कळवलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात पुण्याची खोली बघायला सुरुवात केली होती.

आबांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, मग सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार आबा, कुंडलवरनं अण्णा बोलतोय. मोटार चालू केलीसा ते बरं झालं. पण मेसेजात दिसतंय, मोटार पाणी उचलंना, वरचा व्हॉल्व्ह बंद हाय जणू. आदी एक माणूस धाडून त्यो उघडा, मोटार जळंल. मग निवांत बोलू. तुमच्यात पाऊस कसा हाय?"

दोन्ही पाटकरी व्हॉल्व्हकडे धावले. मी घाईघाईनं मॅन्युअल वरून खाली चाळलं. चाळीस पानं, सगळी हिरवी. व्हॉल्व्ह उघडा, ही ओळ कुठंच नव्हती.

आबांनी फोनवर तळवा ठेवला आणि दादांकडे वाकून म्हणाले, "पेट्या घेतो. पण ह्यो माणूस गावाला बिवाला जाणार असंल, तर आदी मला सांगून जाऊ द्या!"